काम करायच्या वेळीच बरा उडतो हात!

मैत्रिणींनो, घरात कुणाचा डोळा लवला की लगेच चर्चा सुरू होते की नाही? डावा की उजवा, बाईचा की पुरुषाचा, आणि मग शुभ की अशुभ. माझ्या उजव्या हाताचा अंगठा उडायला लागला तेव्हा आमच्याकडेही हेच झालं. सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसाचं उजवं अंग लवणं बरं नव्हे. डावं असतं तर काही म्हणायचं नव्हतं." ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता, "कॅल्शियम कमी असेल," असा निकाल देऊन टाकला. विषय संपला.

ही गोष्ट २०१६ सालच्या श्रावणातली. आम्ही वसई गावाच्या अंगाला एका वाडीत राहतो. जुनं कौलारू घर, मागे चार केळी, आणि शेजारच्या घरात नि आमच्यात मिळून एक विहीर. शेजारचं कुटुंब ख्रिस्ती आहे. त्या घरातल्या बाईंना मी ताई म्हणते. त्यांचं नाव इथे घालत नाही, त्यांना आवडायचं नाही. माझं माहेर शाकाहारी. लग्न होऊन इथे आले तेव्हा बोंबील हातात धरवत नव्हता, तो साफ कसा करायचा हे मला सासूबाईंच्या आधी ताईंनी शिकवलं. नाताळात त्यांच्याकडून कलकल आणि केकची ताटली यायची, दिवाळीत आमच्याकडून फराळाची जायची. वीस वर्षं हे चालू होतं.

तर तो अंगठा. तो नुसता फुरफुरत नव्हता. डोळ्याचं पातं मिटायच्या आत खाडकन आत ओढला जायचा आणि सुटायचा. पुन्हा ओढला जायचा. कधी एकटा, कधी सोबत पहिलं बोट घेऊन. आणि खरी गंमत पुढेच आहे. हात मांडीवर गप्प ठेवला की तोही गप्प. भाकरी थापायला घेतली, सुईत दोरा ओवायला गेले, कपाची कान धरली की सुरू! भाकरी अर्धी थापून झाली की हात असा उडायचा की परातीच्या कडेला पीठ. एकदा सासूबाई सहज बोलून गेल्या, "काम करायच्या वेळीच बरा उडतो गं तुझा हात!"

त्यांना दोष देत नाही. मलाही तेच वाटायला लागलं होतं. माझ्याच मनाचे खेळ असतील, नोकरी नि घर दोन्हीचा कंटाळा आला असेल आणि तो हातातून बाहेर पडत असेल. आज मला ठाऊक आहे की दुखणं मेंदूतल्या हालचालीच्या जागेवर असलं तर झटका बहुतेक वेळा असाच वागतो. विश्रांतीत शांत, आणि हात कामाला लावला किंवा त्याला कशाचा स्पर्श झाला की जागा. म्हणजे जो पुरावा घरात माझ्याविरुद्ध धरला जात होता, तोच आजाराची खूण होता. पण हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नाही. तब्बल दोन महिने लपवलं. भाकरी डाव्या हाताने थापायला शिकले. लोकलमध्ये चढताना उजव्या हाताने दांडा धरायचं सोडलं. वसईहून चर्चगेटला रोज जाणाऱ्या बाईने दाराचा दांडा डाव्या हाताने धरायचा म्हणजे काय, हे विरार लोकलच्या बायकांना वेगळं सांगायला नको.

नवरात्रात मात्र लपवण्यासारखं काही राहिलं नाही. संध्याकाळी गॅसपाशी उभी होते. अंगठा उडायला लागला आणि या वेळी थांबेचना. अंगठ्यातून मनगट, मनगटातून कोपर, कोपरातून खांदा, अगदी जिना चढावा तसं वर वर सरकत गेलं आणि मग ओठाचा उजवा कोपरा ओढला जायला लागला. मी पूर्ण शुद्धीत होते. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. सासूबाई कांदा फोडून नाकाशी धरताहेत, धाकटी वन्सं माझ्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतेय, कुणीतरी दातांत चमचा घाला म्हणून ओरडतंय. पहिल्यांदा गॅस बंद केला तो ताईंनी. आरडाओरडा ऐकून त्या परसातून धावत आल्या होत्या. मला खाली बसवलं, कुशीवर वळवलं, चमचा काढून घेतला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. "दोन मिनिटं झाली," एवढंच म्हणाल्या. नंतर तासभर माझा हात लुळा होता. मला वाटलं, गेला.

थांबून एक सांगते. कुणालाही आकडी आली तर ताईंनी केलं तेवढंच करायचं. विस्तव, पाणी, टोकदार वस्तू दूर करा, माणसाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, पाणी पाजू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकीतून दुसरी सुरू झाली, तर १०८ ला फोन करा. आणि पहिल्यांदाच आली असेल तर थांबली तरी डॉक्टर गाठा. कांदा, चप्पल, किल्ल्या यांनी आकडी थांबत नाही. ती आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला जातं.

त्या रात्री वन्सं ह्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, हे लग्नाआधीपासून होतं का? त्यांनी लपवलं असेल का?" भिंती जुन्या, मला ऐकू आलं. वीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं ते लिहीत नाही. पण पुढे रुग्णालयातल्या समाजसेविकेने मला जे सांगितलं ते लिहिते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या तरी लेकीला ते लागेल. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्माराचे झटकेही घातले होते. त्यावर बोट ठेवून लग्न रद्द मागता येत असे. १९९९ साली दुरुस्ती होऊन तो अपस्मार शब्द कायद्यातून काढला गेला. आपल्या डोक्यातून तो कधी निघणार कोण जाणे!

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात मेंदूचा फोटो काढला. एमआरआय. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावून सांगायची हौस दांडगी. मेंदूवर जेमतेम दोन ते चार मिलीमीटर जाडीची एक साल असते, तिला कॉर्टेक्स म्हणतात. सगळं शहाणपण त्या सालीत. तिच्यात एका पट्ट्यावर साऱ्या शरीराची हालचाल मांडलेली असते, डाव्या सालीवर उजवं अंग आणि उजव्या सालीवर डावं. कॅनडातल्या माँट्रियलला पेनफील्ड नावाच्या शल्यविशारदांनी १९३० च्या दशकात रुग्ण जागे असताना त्यांच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून या पट्ट्याचा नकाशा काढला. त्यात अख्ख्या पाठीला मिळाली आहे चिंचोळी जागा, आणि अंगठ्याला, ओठांना, जिभेला मोठमोठ्या खोल्या. हाताच्या खोलीला लागूनच तोंडाची खोली! म्हणून माझा झटका हातातून उठून ओठापर्यंत गेला. सालीवर जिथे इजा झालेली असते तिथल्या पेशी एकदम, सगळ्या मिळून, विजेचा लोट सोडतात. स्टार्टर बिघडलेली ट्यूबलाइट आठवा. दिवा विझतही नाही, लागतही नाही, नुसता फडफडतो. लोट तेवढ्यावरच थांबला तर नुसता अंगठा उडतो, शेजारी पसरला तर हात नि तोंड. सगळ्या मेंदूभर पसरला तर माणूस शुद्ध हरपून पडतो.

असा चढत जाणारा झटका पाहून, मेंदूत शरीराचा नकाशा असला पाहिजे हे पेनफील्डच्याही खूप आधी, १८६० च्या दशकात लंडनच्या ह्यूलिंग्स जॅक्सन या डॉक्टरांनी ताडलं होतं. अजूनही त्याला त्यांचंच नाव आहे. मागाहून वाचनात आलं की त्यांच्या पत्नीलाही याच जातीचे झटके येत. मला ते वाचून बरं वाटलं. तिच्या हातातलं काही सांडलं असेल तेव्हा निदान घरात कुणी तरी नीट बघत होतं.

आता माझ्या सालीवर काय होतं ते सांगते. फोटोत डाव्या बाजूला वाटाण्याएवढी एक कडी आणि कडीत पांढरा ठिपका. गाठ म्हटल्याबरोबर आमचे पाय गळाले. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका, ही कॅन्सरची गाठ नाही. ही जंताची गाठ आहे. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीचं पिल्लू मेंदूत जाऊन बसलंय. आपल्या देशात हे काही नवलाचं नाही."

त्या एका वाक्याने आमच्या वाडीत काय झालं ते मला आजही सांगताना जड जातं. घरी जाईपर्यंत त्यातला फक्त "डुकराचा जंत" उरला होता. आमच्याकडे मासळी चालते, पण डुकराचं मटण उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. मग जंत आला कुठून? सगळ्यांच्या माना परसाकडे वळल्या. वीस वर्षं येणाऱ्या ताटल्या, एकच विहीर, एकमेकींच्या घरातलं चहापाणी. वन्सं म्हणाली, "मी म्हणतच होते." (ती कधीच काही म्हणत नव्हती.) विहिरीवरचा रहाट आम्ही वापरेनासे झालो, नळाचं पाणी येईल तेवढं आणि बाकी टँकर. आणि त्या नाताळात ताईंच्या धाकट्याने आणलेली ताटली सासूबाईंनी वरचा रुमालही न काढता परत पाठवली. "डॉक्टरांनी सांगितलंय," म्हणाल्या.

डॉक्टरांनी असं काहीच सांगितलं नव्हतं. आणि माझा गुन्हा इथे आहे, मैत्रिणींनो, की मला ते नाताळाच्या आधीपासून माहीत होतं.

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं होतं. कच्चं, अर्धकच्चं डुकराचं मटण खाल्लं तर माणसाच्या आतड्यात मोठा जंत होतो, काही मीटर लांब. तो मेंदूत जात नाही. मेंदूत जातात ती त्या जंताची अंडी पोटात गेल्यावर, आणि अंडी मटणात नसतात. ती असतात जंत झालेल्या माणसाच्या शौचात. सांगायला लाज वाटते, पण स्वयंपाकघर आपल्या हातात आहे तर हे आपल्याला कळायलाच हवं. उघड्यावरच्या घाणीतून, गटाराच्या पाण्यातून, शौचाहून आल्यावर नीट न धुतलेल्या हातांतून ती भाजीवर, पाण्यात, चटणीत येतात. डोळ्यांना दिसत नाहीत. पोटात फुटतात, रक्तातून मेंदूत जातात आणि तिथे गाठ धरतात. म्हणून जन्मात मटणाला न शिवलेल्या शाकाहारी माणसालाही हे होतं. नीट शिजवलेल्या मटणाने तर जंतही होत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की हा जंत जिथे आहे अशा बऱ्याच भागांत अपस्माराच्या शंभर रुग्णांत तीसएक या गाठींमुळे असतात. आणि टाळता येण्याजोगं हे त्यातलं मोठं कारण आहे.

"तुम्ही कच्चं काय काय खाता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही." पण गाडीत बसल्यावर आठवत गेलं. परतीच्या विरार लोकलमध्ये आम्ही बायका भाजी निवडतो ना? मांडीवर पिशवी, मेथी निवडून होते, वाटाणे सोलून होतात. त्यातच गाजराचा तुकडा तोंडात टाकायचा, मुळा कुठे धुवायला जायचं, पदराला पुसला की झालं. कोथिंबिरीची काडी तर चघळायला लागतेच. फलाटावरून घेतलेली, कुठल्या पाण्यावर वाढलेली कोण जाणे. रात्री घरी आल्यावर उशीर झाला म्हणून चटणीची कोथिंबीर एका पाण्यातून काढायची. दोन पाण्यांतून काढली तर स्वतःला सुगरण समजायचं.

मला कळलं, आणि मी गप्प बसले. कारण ताईंच्या ताटलीवर बोट होतं तोवर माझ्या चटणीकडे कुणी बघत नव्हतं. घरात कोपऱ्यात बसायची वेळ आलेली बाई थोडी बिचारी होते, आणि बिचारेपणाचीही सवय लागते. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांच्या शौचाची तपासणी करून घ्यायला सांगितली होती, कुणाच्या पोटात जंत असेल तर त्याला औषध मिळावं म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात काय शोधताय?" मी तेही सोडून दिलं.

औषध सुरू झालं. झटक्यांसाठी लेव्हेटिरासिटामच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ, आणि गाठीसाठी काही दिवस अल्बेंडाझोल, सूज आवरायच्या औषधाच्या जोडीने. हे अल्बेंडाझोल जंताचं म्हणून घरोघरी ठाऊक आहे, पण ज्याला झटके येतात त्याने ते आपल्या मनाने घेऊ नये. मेंदूतली गाठ मरताना सुजते आणि झटके वाढतात. वर्षात कडी विरघळली, जागी चुन्याचा एक ठिपका उरला. तेवढा ठिपकाही कुणाकुणाला पुरतो, म्हणून गोळ्या चालू ठेवल्या.

आणि २०१७ ची हरतालिका आली. निर्जळी उपास. पाणीच प्यायचं नाही तर गोळी कशी घेणार? आदल्या रात्रीची जागरणात राहिली, सकाळची उपासात गेली. दुपारी पूजेला बसले, पत्री वाहायला हात उचलला आणि अंगठा उडाला. मग मनगट. मी समईपासून सरकले तेवढंच आठवतंय. या वेळी कोपराच्या वर गेलं नाही. डोळे उघडून बघते तर दारात ताई उभ्या. आत येत नव्हत्या. नाताळपासून त्या आमच्या घरात आलेल्या नव्हत्या. उंबऱ्याबाहेरूनच घड्याळाकडे बघत होत्या.

(एक गोष्ट आत्ताच लिहून टाकते, नाहीतर राहील. उपास करा की नका करू, गोळी चुकवू नका. ज्या मुलींना दिवस जायचे आहेत त्यांनी तर आपल्या गोळीचं नाव सांगून डॉक्टरांना आधीच विचारावं. काही गोळ्या, विशेषतः व्हॅल्प्रोएट, पोटातल्या बाळाला बाधतात. पण भीतीने मनाची मनाने बंद करणंही तितकंच वाईट.)

दुसऱ्या दिवशी परसातून गेले. ताई तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जंत कसा येतो, कसा येत नाही, मला कधी कळलं आणि मी किती महिने तोंड मिटून बसले. हात पुढे जोडले तर तोही उडाला, मेला. त्या काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि बायबलच्या पुस्तकातून एक घडी घातलेला कागद आणून माझ्या हातात दिला. तपासणीचा रिपोर्ट होता, त्यांच्या नावाचा. तारीख जानेवारीची, ताटली परत गेल्यानंतरच्या आठवड्यातली.

"तुझं कळल्यावर मला झोप येईना," त्या म्हणाल्या. "म्हटलं, माझ्याच हातून तर गेलं नसेल ना? एकटी जाऊन करून आले. घरात कुणाला सांगितलं नाही."

रिपोर्टात काही नव्हतं. सात-आठ महिने तो कागद तिथे पडून होता, आणि त्यांनी तो आमच्या तोंडावर फेकला नव्हता.

मी तो मागून घेतला आणि घरी सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. त्यांना वाचता येतं, पण चष्मा नाही म्हणाल्या. मग मी वाचून दाखवला. बराच वेळ गेला. "आपला कधी करायचाय?" त्यांनी विचारलं. पुढच्या आठवड्यात आम्ही घरातले सगळे, वन्सं धरून, डब्या घेऊन प्रयोगशाळेत गेलो. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सगळे रिपोर्ट साफ आले. वन्संने मात्र अजून चुकूनही विषय काढलेला नाही.

आता आमच्याकडे पालेभाजी आधी मुळं कापून, पानं सुटी करून, वाहत्या पाण्याखाली धुतात. मिठाच्या नाहीतर व्हिनेगरच्या पाण्यात बुडवली की अंडी मरतात असं मला बऱ्याच जणींनी सांगितलं. त्यावर मी विसंबत नाही. ती वाहून जातात पाण्याने आणि मरतात शिजवल्याने. गाजर, मुळा, काकडी सोलूनच. चटणीची कोथिंबीर काडी काडी करून धुते, आणि मनात शंका असली तर त्या दिवशी चटणी नाही. शौचाहून आलं की आणि स्वयंपाकाला लागायच्या आधी साबणाने हात, हे नातवंडांनाही पाठ आहे. लोकलमध्ये भाजी निवडतो तशीच निवडतो, पण तोंडात काही टाकत नाही. शेजारणीने शेंग पुढे केली तर घेऊन पिशवीत टाकते.

अंगठा अजून आहे तसा आहे. झोप पुरी झाली नाही की आठवण करून देतो. विहिरीवर आणि वाडीच्या टोकाच्या बावखलावर मी एकटी जात नाही. रहाट पुन्हा चालू आहे. गेल्या नाताळात ताटली आली तेव्हा सासूबाई ओसरीवरच होत्या. त्यांनी रुमाल काढला, एक कलकल उचलून तोंडात टाकलं आणि ताईंच्या नातवाला म्हणाल्या, "आजीला सांग, या खेपेला साखर कमी पडलीय."